पाठीला लागणारा बेस

"काका, स्टेजवरचं जरा खाली घेता का? मी डीआयवरून घेतलंय तुम्हाला. बाहेर मस्त येतोय बेस." साउंड चेक चालू होता. डीआय म्हणजे गिटारचा आवाज थेट मिक्सरला देणारी डबी. जुन्या हिंदी गाण्यांचा कार्यक्रम, त्यात बेस गिटारवर मी, उपनगरातलं नाट्यगृह, विंगेत चहाचे कागदी कप आणि वायरींचा गुंता. बोलणारा मुलगा विशीतला. हातात टॅब घेऊन मधल्या रांगांतून फिरत होता आणि तिथूनच बोटाने मिक्सर चालवत होता. बोलण्यात उर्मटपणा अजिबात नाही. मी अ‍ॅम्पचा आवाज उतरवला. थोड्या वेळाने त्याने लांबूनच पुन्हा हात खाली करून दाखवला, मी आणखी उतरवला. कार्यक्रम सुरू झाला तेव्हा माझ्यामागचं चार स्पीकरचं लाकडी खोकं, म्हणजे कॅबिनेट, जे मी आणि आमच्या ड्रमरने मागच्या लोखंडी जिन्यावरून घाम गाळत वर चढवलं होतं, ते जेमतेम कुजबुजत होतं. मध्यंतरात एक गृहस्थ मुद्दाम आत येऊन म्हणाले, "बेस काय सुंदर वाजतोय हो! कुठलं कॅबिनेट आहे?" मी नाव सांगितलं, त्यांनी मोबाइलमध्ये टिपून घेतलं. त्यांनी जे ऐकलं त्यात त्या कॅबिनेटचा वाटा जवळपास शून्य होता. माझ्या गिटारची वायर डीआयच्या डबीत, डबीतून मिक्सरमध्ये आणि तिथून नाट्यगृहाच्या स्पीकरांत गेली होती. पण एवढं सगळं त्यांना कुठे सांगत बसणार?

मग ते खोकं मी वर चढवलं कुणासाठी?

प्रश्न तसा नवा नाही. १९६०च्या दशकात डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओत जेम्स जेमर्सन वाजवायचे, तेव्हाही त्यांची बेस गिटार बहुतेकदा थेट कन्सोलमध्ये, म्हणजे स्टुडिओच्या मिक्सरमध्ये, जायची. जगभरच्या बेसवाल्यांनी ज्या आवाजावरून धडे गिरवले, त्यात स्पीकरच्या खोक्याला फारसं कामच नव्हतं. तेच जेमर्सन क्लबात मात्र अँपेग कंपनीचं बी-१५ वापरत. हे मॉडेल १९६०चं. एकच पंधरा इंची स्पीकर, आणि अ‍ॅम्प उलटा करून त्याच खोक्यात बंद करता यायचा. म्हणजे त्यांनाही दोन्ही लागत होतं. आमचं म्हणाल तर आम्ही बेस ऐकायला शिकलो तो विविध भारतीवर, तळहाताएवढ्या स्पीकरमधून. पंचमदांच्या गाण्यांत टोनी वाझ खाली काय वाजवतात हे ओळखायला आम्ही ट्रान्झिस्टरला कान लावून बसायचो. त्या स्पीकरमधून दीडशे हर्ट्‌झच्या खालचं काही धड बाहेर पडत नसणार, आणि बेसच्या सगळ्यात जाड तारेचा, खालच्या ईचा मूळ सूर आहे सेकंदाला ४१ कंपनांचा, म्हणजे ४१ हर्ट्‌झचा. तो रेडिओत नव्हताच. त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे जे स्वरांश त्याच्यासोबत असतात, तेवढे ऐकून कान खालचा सूर आपला आपण मांडून घेतो. आम्ही अख्खं लहानपण तो न वाजलेला सूर ऐकत काढलं आणि गुणगुणलोही.

कॅबिनेट बनवणाऱ्यांचा धंदाही बराचसा कानाच्या या सवयीवर चालतो. रॉकच्या स्टेजवर मागे जे कपाटाएवढं काळं खोकं दिसतं, ते अँपेगचं एसव्हीटी, १९६९ सालचं: तीनशे वॉटचा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प आणि दहा इंचाचे आठ स्पीकर. रोलिंग स्टोन्सच्या त्याच वर्षीच्या अमेरिका दौऱ्यात ते पहिल्यांदा गाजलं. बेसवाले त्याला लाडाने 'फ्रिज' म्हणतात. वजनाने साधारण ६३ किलो, म्हणजे नाव शोभतं. आता त्याच घराण्यातल्या ८१०ई या मॉडेलचे कंपनीने छापलेले आकडे बघा: ५८ हर्ट्‌झला आवाज तीन डेसिबलने उतरलेला, ४० हर्ट्‌झला दहा डेसिबलने. म्हणजे ज्या कॅबिनेटला सगळं जग 'खालचा बाप' मानतं, त्यातून खालच्या ईचा मूळ सूर येतो तो खूपच पडेल आवाजात. छातीवर जो धक्का बसतो तो त्याच्या वरच्या पट्ट्यातला, ऐंशीपासून दोन-अडीचशेपर्यंतचा. हे कळल्यापासून "मला खूप डीप बेस हवाय" असं कुणी म्हणालं की मी मनातल्या मनात हसतो. त्याला डीप नको असतो, भरीव हवा असतो, आणि भरीव वेगळ्या ठिकाणाहून येतो.

त्या कार्यक्रमानंतर थोड्याच दिवसांत भाच्याचा फोन आला. "मामा, एक फोर बाय टेन मिळतंय. सेकंड हँड आहे, पण आठशे वॉट! बघायला येतोस का?" फोर बाय टेन म्हणजे दहा इंचाचे चार स्पीकर असलेलं कॅबिनेट. आठशे वॉट हे त्याने अशा सुरात सांगितलं की मला आमच्या वेळचे टेप डेक आठवले. टीपॉयवर मावणाऱ्या डबड्यावर चंदेरी अक्षरांत 'पीएमपीओ' लिहिलेलं असायचं आणि आकडा हजारांत असायचा. चाळीतल्या एका खोलीत त्या हिशेबाने अख्खं स्टेडियम हादरायला हवं होतं. कॅबिनेटवरचा वॉटचा आकडा तेवढा खोटा नसतो, पण तो आवाजाचा आकडा नव्हे. स्पीकरच्या आतली तारेची गुंडाळी, म्हणजे व्हॉइस कॉइल, जळण्याआधी किती उष्णता सोसेल एवढंच तो सांगतो. बेसच्या स्पीकरला दिलेल्या शंभर वॉटमधले तीन-चार वॉट आवाज होऊन हवेत जातात, बाकीची सगळी नुसती गरमी. आणि वॉट दुप्पट केले तर पदरात पडतात तीन डेसिबल. त्यापेक्षा एका वॉटला एक मीटरवर किती डेसिबल, हा कुठेतरी बारीक अक्षरांत छापलेला आकडा बघावा. तो सहसा कुणी विचारत नाही. मी भाच्याला म्हटलं, येतो. नाहीतरी तो प्रश्न डोक्यात भुणभुणत होताच.

पिंपळे सौदागरमधला फ्लॅट. मालक परदेशी निघालेला, घर अर्धं बांधून ठेवलेलं, पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या गर्दीत हे एक काळं खोकं. भाच्याने लगेच गिटार काढली. त्याला म्हटलं, आधी थांब, वाजवायचं शेवटी. मडकं घेताना जसं टिचकी मारून बघतात, तसं मी बोटाच्या पेराने चारही बाजू वाजवून पाहिल्या. कडेला नाही, कडा सगळ्याच घट्ट लागतात, फळीच्या मधोमध. बाजूच्या फळ्या कोरड्या वाजल्या, ठक आणि लगेच बंद. मागची फळी मात्र ढुब्ब करून थोडी रेंगाळली. याचा अर्थ आतून तिला आडवी पट्टी नाही, किंवा होती ती सुटली. आवाज स्पीकरने काढायचा, खोक्याने गप्प बसायचं. फळी स्वतःच गुणगुणायला लागली की एखादा सूर फुगतो, एखादा दबतो, आणि वाजवणारा उगाच अ‍ॅम्पची बटणं फिरवत बसतो.

आमच्या ऑर्केस्ट्राच्या दिवसांत तयार कॅबिनेट परवडण्याचा प्रश्नच नव्हता. स्पीकर लॅमिंग्टन रोडवरून किंवा तपकीर गल्लीतून आणायचे आणि खोकं ओळखीच्या मिस्त्रीकडून ठोकून घ्यायचं. आमचे मिस्त्री मूळचे स्वयंपाकघराच्या ओट्याखालची कपाटं करणारे. पहिला प्रश्न ठरलेला: "प्लाय किती सुती घेऊ? सहा सुती घेतो, पिढ्यान्‌पिढ्या हलणार नाही." सहा सूत म्हणजे पाऊण इंच. त्यांनी केलेलं खोकं दोघांनाही उचलायचं नाही, चौघं लागायची, आणि जड आहे म्हणजे दणकट आहे अशी आमची सगळ्यांची पक्की समजूत. पुढे हातात आलेल्या एका हलक्या विलायती कॅबिनेटची मागची फळी खोलून बघितली. फळ्या पातळ, पण आत समोरून मागे, डावीकडून उजवीकडे अशा पट्ट्या आणि त्यांना मोठाली भोकं पाडलेली. फळीची जाडी दुप्पट केली तर ताठपणा आठपट होतो हे खरं. पण जाडी तीच ठेवून मध्ये एक आधार दिला, की फळीचा मोकळा पसारा निम्मा होतो आणि ताठपणा तितक्याच झपाट्याने वाढतो. वजन वाढतं ते एका पट्टीचं. मिस्त्रींना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग कपाटाला आम्ही फळ्या कशाला मारतो, वाटलं काय तुम्हाला?" त्यांना ठाऊक होतं. मी विचारलंच नव्हतं, आणि आम्ही दोघंही वजनावर खूश होतो.

चांगल्या कॅबिनेटचं लाकूड बहुधा बाल्टिक बर्चचं प्लाय असतं: अठरा मिलिमीटरमध्ये तेरा थर, मध्ये पोकळ्या जवळपास नाहीत. आपल्याकडच्या स्वस्त कमर्शियल प्लायमध्ये मधल्या थरांत भेगा असतात. स्पीकरचा स्क्रू नेमका तिथे आला की कितीही आवळा, फिरतच राहतो. एमडीएफ आवाजाला वाईट नाही, पण वजनाला बेक्कार, आणि पावसाळ्यात टेम्पोमध्ये कोपरा भिजला की बिस्किटासारखा फुगतो. पार्टिकल बोर्डाबद्दल न बोललेलं बरं. वरून सगळ्यांवर काळं रेक्झिन किंवा कार्पेट असतं, म्हणून स्पीकरचा एक स्क्रू काढून त्या भोकात नखाने खरवडून बघायचं. भुसा निघतो की चिवट तूस, एवढ्यावरून बरंच कळतं. मालक जरा अस्वस्थ झाला, पण भाच्याने त्याला बोलण्यात गुंतवून ठेवलं.

जाळी काढली. स्पीकरचे चारी कोन, म्हणजे हलणारे शंकू, दिसायला धड, कडेची घडी कुठे फाटलेली नाही. पुढच्या दोन पोर्टच्या, म्हणजे हवेसाठी ठेवलेल्या भोकांच्या, तोंडाशी नाक नेलं. कॉइल जळली असेल तर खोक्याच्या पोटात तो वास महिनोन्‌महिने राहतो. करपलेल्या वार्निशचा, थोडा गोडसर. तसा नव्हता, फक्त धूळ. मग दोन्ही हातांची बोटं पसरून एकेक कोन हलकेच आत दाबला, सरळ, तिरका होऊ न देता. कॉइल वाकडी असेल तर आत बारीक खर्र अशी घासण लागते. कानाला लागायच्या आधी बोटांना लागते. तेही ठीक. मग मी पिशवीतून नऊ व्होल्टची बॅटरी काढली, जी प्रत्येक बेसवाल्याकडे पेडलसाठी असतेच, आणि मागच्या वायरीची दोन टोकं क्षणभर तिला टेकवली. तीन कोन टुपकन बाहेर आले. चौथा आत गेला.

भाच्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. "म्हणजे खराब आहे?" खराब काही नव्हतं. कधीतरी तो स्पीकर दुरुस्तीला काढला असणार आणि परत बसवताना लाल-काळ्या वायरी उलट्या लागल्या असणार. खालच्या सुरांत तीन स्पीकर हवा पुढे लोटतात तेव्हा चौथा मागे ओढतो. चारातले उरतात दोन, म्हणजे आवाज साधारण सहा डेसिबलने पडतो. मालक म्हणाला, "मला नेहमी वाटायचं की याला बेस जरा कमीच आहे, म्हणून मी अ‍ॅम्पवर बेस फुल्ल ठेवायचो." कितीतरी काळ तो माणूस चांगल्या कॅबिनेटला नावं ठेवत होता आणि हातांनी त्याची भरपाई करत होता. मी स्पीकर सोडवून वायरी बदलल्या आणि खोलीतल्या आवाजाचं पोट भरलं. किंमत आधी ठरायला हवी होती असं भाचा खाली आल्यावर म्हणाला. पण त्याने तोवर मागच्या फळीच्या नावाखाली घासाघीस केलीच.

मग फोनवरच्या ॲपमधून नुसता सरळ सूर लावला, दोनशे हर्ट्‌झपासून हळूहळू खाली. ही परीक्षा कंटाळवाणी असते, पण तिच्यापुढे काही लपत नाही. एकशे दहाच्या आसपास झर्रर्र असं काहीतरी वाजायला लागलं. भाचा म्हणाला, स्पीकर गेला. मी बाजूच्या हँडलच्या पत्र्यावर तळवा ठेवला, आवाज बंद. तळवा काढला, पुन्हा झर्रर्र. हँडलचा एक स्क्रू ढिला. आणखी खाली आलो. साठच्या खाली कोनांची धडपड वाढत गेली, आणि पन्नाशीच्या जवळपास ते अचानक थबकल्यासारखे झाले. आवाज तर येतोय, कोन मात्र जवळपास स्थिर, आणि पोर्टपाशी धरलेल्या हातावर वारा. त्या कंपनाला सगळं काम पोर्टमधली हवा करते. आणखी खाली उतरलो, चाळीसच्याही खाली. हवेचा आधार सुटला, चारी कोन लटालटा पुढेमागे हलायला लागले आणि आवाज मात्र नाही. मी लगेच बंद केलं. भाच्याची गिटार पाच तारांची, तिची खालची बीची तार ३१ हर्ट्‌झची. त्याला दाखवलं: आठशे वॉट लांबच राहिले, तू बेसचं बटण पूर्ण फिरवून ही तार दणकून वाजवलीस तर शंभर-दीडशे वॉटमध्येच कोनाची चाल संपेल. पोर्ट केवढा, खोकं केवढं, कोणत्या स्पीकरला काय मानवतं, याचं गणित ऑस्ट्रेलियाच्या नेव्हिल थील यांनी १९६१मध्ये मांडलं आणि रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकात पूर्ण केलं. आमच्या मिस्त्रींकडे ते पोचलं नव्हतं. आम्ही ड्रेनेजचा चार इंची पीव्हीसी पाइप लांबच लांब घ्यायचो आणि करवतीने थोडा थोडा कापत, मध्ये मध्ये वाजवत, 'आता बरा' वाटेपर्यंत जायचो. कान हाच थील आणि कान हाच स्मॉल.

याच गणिताच्या पोटात तो नियम आहे जो जे. अँटन हॉफमन यांच्या नावाने ओळखला जातो. केएलएच या स्पीकर बनवणाऱ्या कंपनीच्या नावातला 'एच' तो यांचा; वडील जोसेफ हॉफमन, नामांकित पियानोवादक. नियम असा: खोकं लहान हवं, आवाज खालपर्यंत जायला हवा आणि थोड्या वॉटमध्ये मोठा वाजायला हवा, या तीनपैकी दोनच मिळतील. जाहिरातींत तिन्ही मिळतात. निओडिमियमच्या चुंबकांनी वजन मात्र खरंच उतरवलं. साध्या चुंबकाचं चाळीस-पंचेचाळीस किलोंचं फोर बाय टेन आता पंचवीस-तीसमध्ये येतं. माझ्या पाठीच्या मणक्यांनी या शोधाला मनापासून दाद दिलेली आहे.

वाजवायची वेळ आली तेव्हा भाच्याने, अपेक्षेप्रमाणे, अंगठ्याने थाडथाड स्लॅप सुरू केलं. दुकानात सगळे तेच करतात. त्याने फक्त वाजवणारा कसा आहे ते कळतं, खोकं कसं आहे ते नाही. मी त्याला जाड तारेवर गिटारच्या दांडीवरच्या पहिल्या पट्टीपासून (फ्रेटपासून) बाराव्यापर्यंत, एकेक सूर, एकाच जोराने, सावकाश वाजवायला लावलं. कुठला सूर अंगावर येतो, कुठला गायब होतो? मग तोच ए दोन ठिकाणी, जाड तारेवर पाचव्या पट्टीत आणि मोकळ्या ए तारेवर. दोन्हींतला फरक ऐकू आला पाहिजे. काही खोकी तो फरक गिळून टाकतात. मग मी खोलीभर फिरलो. फोर बाय टेनची एक खोड आहे: आवाजातला वरचा, बोटांचा, तारेच्या खरखरीचा भाग समोर सरळ रेषेत जातो आणि बाजूला सरलं की पुसला जातो. त्यात खोकं असतं जमिनीवर, त्यामुळे वाजवणाऱ्याच्या पोटऱ्यांना सगळा तपशील कळतो आणि कानांना नुसतं गुंजन. म्हणून मी खाली मांडी घालून ऐकलं, मग उभं राहून, मग दाराआडून. दाराआडूनसुद्धा सूर ओळखू येत होते. मला तेवढं पुरलं.

मधले सूर कमी करून खालचे आणि वरचे वाढवले की एकट्याने वाजवताना बेस राजबिंडा वाटतो. बँडमध्ये तोच राजबिंडा पहिल्या कडव्यातच हरवतो, कारण खाली किक ड्रम बसलेला आणि वर झांजा. बेसला जी जागा उरते ती मधली. त्यामुळे दुकानात थोडं नाकातून बोलणारं, जरा रुक्ष वाटणारं कॅबिनेट मी आधी बाजूला काढतो. ते सहसा स्टेजवर टिकतं.

मालकाच्या हॉलमध्ये फर्निचर हललेलं होतं, भिंती मोकळ्या, त्यामुळे सगळंच जरा घुमत होतं. त्याला इलाज नाही. ४१ हर्ट्‌झच्या लाटेची लांबी आठ मीटरहून जास्त. आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत ती धड उभीही राहू शकत नाही. बारा फुटांच्या लांबीत जे पहिलं कंपन नेमकं बसतं ते ४७ हर्ट्‌झच्या आसपासचं, म्हणजे जाड तारेवरचा एफ शार्प. दहा फुटांच्या रुंदीतलं साधारण ५६चं, मोकळ्या एच्या अगदी शेजारचं. म्हणून त्या मापाच्या खोलीत हे दोन सूर कोणत्याही कंपनीच्या कॅबिनेटवर उर बडवल्यासारखे वाजतात, आणि बिचाऱ्या कॅबिनेटची किंमत त्यावर ठरते. तेच खोकं गणपतीच्या मांडवात उघड्यावर ठेवलं की पाठीमागची भिंत नाही, छत म्हणजे कापड, आणि वाटतं कुणी प्लग काढला की काय. नाट्यगृहाच्या पोकळ फळ्यांवर आणखी तिसरंच. विसर्जनाच्या मिरवणुकीतल्या डॉल्बीच्या भिंतींना या कशाचाच प्रश्न नसतो. त्या खिडक्यांची तावदानं हलवतात, छातीचा पिंजरा हलवतात, पण त्यांतून कुठला सूर वाजतोय हे विचाराल तर सांगता येत नाही. मला त्यांचा राग येतो तो गोंगाटापेक्षा यासाठी: एवढं लाकूड, एवढी वीज, आणि पट्टीचा पत्ता नाही.

तरीही मूळ प्रश्न उरलाच होता. श्रोत्यांना डीआयचा आवाज जाणार असेल, तर खोलीत इतकं सूक्ष्म ऐकून मी नेमकं कुणाचं भलं करतोय? त्याचं उत्तर खरं तर त्याच कार्यक्रमाच्या रात्री मिळालं होतं, मी ते नीट ऐकून घेतलं नव्हतं. सामान उतरवून झाल्यावर टपरीवर चहा घेताना ड्रमर म्हणाला होता, "आज तू पाठीला लागत नव्हतास रे. मॉनिटरमध्ये ऐकू येत होतास, पण लागत नव्हतास. दोन गाण्यांत मी पळालो, कळलं का?" कळलं होतं, मला वाटलं होतं तो दमलाय. ड्रमरच्या स्टुलामागे उभं असलेलं खोकं त्याच्या पाठीला, मांड्यांना ठोका देतं, आणि किकवरचा पाय त्या ठोक्याला टेकून पडतो. बेसवाल्याचंही तेच. बोट तारेवरून सुटल्यावर सूर किती वेळ धरायचा, कुठे दाबून टाकायचा, हे पायजम्याला लागणाऱ्या हवेवरून ठरतं. बाहेर जातो तो त्या हवेवर बेतलेला हात. म्हणजे खोक्याचे श्रोते दोन-तीनच, पण त्यांचं समाधान झालं नाही तर बाकीच्या सहाशे जणांना वाजणारा बेस बिघडतो. त्या टॅबवाल्या मुलाचंही बरोबर होतं. स्टेजवरचा खालचा गुंता पहिल्या दहा रांगांत शिरला तर त्याला काही करता येत नाही. आता मी कॅबिनेटवर ऐंशीच्या खालचं बरंचसं कापतो, बाहेर डीआयमधून ते पुरेसं जातंच, आणि खोकं प्रेक्षकांकडे तोंड करून न ठेवता ड्रमरच्या बाजूला तिरकं ठेवतो. आवाज कमी, पण लागतो. तेव्हापासून खोकी जोखण्याचा माझा निकषही सरकला आहे: ते किती खाली जातं यापेक्षा, हळू वाजवल्यावर दोन मीटरवर सूर स्पष्ट राहतो का, बाजूला उभ्या असलेल्याला कळतो का, आणि मला एकट्याला जिन्यावरून नेता येतं का.

त्या शेवटच्या निकषावर भाच्याचं कॅबिनेट नापास होतं, पण तो पंचविशीतला आहे. इमारतीची लिफ्ट बंद होती. मागची फळी आम्ही नंतर खोलली. आडवी पट्टी होती, डिंक सुटला होता. फेविकॉल, क्लॅम्प, एक रात्र. हँडलच्या पत्र्याखाली फोमची पट्टी, ढिल्या स्क्रूऐवजी टी-नट. वरच्या तोंडाच्या ट्विटरचं, म्हणजे बारीक सुरांच्या छोट्या स्पीकरचं, बटण मी बंद करायला सांगितलं, त्याने ते माझ्यादेखत बंद केलं आणि मी निघाल्यावर चालू केलं असणार.

दोन दिवसांनी फोन. "मामा, पुन्हा झर्रर्र येतंय. एफ शार्पला. सगळे स्क्रू आवळून झाले, जाळी काढून बघितली, कोन दाबून बघितले." मी विचारलं, कॅबिनेट ठेवलंय कुठे? हॉलमध्ये, शोकेसशेजारी. त्यात ताईचे काचेचे सहा ग्लास, शाळेतल्या ढाली आणि कुठल्याशा सहलीवरून आणलेला पितळी मोर. "मोराला हात लाव आणि वाजव," मी म्हटलं. पलीकडे शांतता, मग एफ शार्प, स्वच्छ. मागून ताईचा आवाज आला की शोकेस तिथून हलणार नाही, आणि त्या काळ्या पेटीवर निदान एखादा रुमाल तरी घाला. ज्या गाण्यात तो सूर सारखा येतो, ते तो सध्या घरी अर्ध्या सुराने चढवून जीमध्ये वाजवतो. गायिकेची काही तक्रार नाही म्हणाला. तिला उलट वरची पट्टीच सोयीची आहे.